हिंदी बाजूला ठेवा, मराठीतून पंजाबीत या

लुधियान्याला बदली झाली तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो. हिंदी येतं, सिनेमातली गाणी पाठ आहेत, पंजाबी काय, आपोआप येईल. पहिल्याच आठवड्यात घरमालकीण, जिला अख्खी गल्ली बेबे म्हणायची, जिन्यात मला अडवून कुजबुजली, "हौली बोल पुत्त, काका सुत्ता ए." मी दबक्या पावलांनी वर गेलो. घरात कुणी वयस्क काका आजारी असावेत, चौकशी करावी की नाही, यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तो काका दाराबाहेर बसून माझी चप्पल चावताना दिसला. वय वर्ष एक. पंजाबीत काका म्हणजे लहान मुलगा.

पुढच्या तीन वर्षांत जे शिकलो ते नव्याने पंजाबीच्या वाटेला जाणाऱ्यांसाठी लिहितोय. कुणाची बदली, कुणाचं लग्न, कुणाला फक्त गाण्यांचा अर्थ हवा; कारण काहीही असो. माझं म्हणणं एकच आहे: हिंदीला जरासे हेल काढले की पंजाबी होते या समजुतीने सुरुवात करू नका. मराठी माणसाकडे पंजाबीत शिरायला स्वतःचा दरवाजा आहे, आणि तो हिंदीवाल्यांकडे नाही.

पहिली पायरी: वही नको, कान हवेत

सिनेमात सरदारजींना सगळे "पाजी" म्हणतात. आपल्याकडे पाजी ही शिवी, म्हणून आपण हसतो. लिहिताना मात्र तो शब्द "भाजी" असा लिहितात. भा म्हणजे भाऊ, पुढे आदराचा जी. मग भ कुठे गेला?

इथेच पंजाबीची मेख आहे. घ, झ, ढ, ध, भ ही पाच अक्षरं लिहिली जातात, पण शब्दाच्या सुरुवातीला ती तशी उच्चारत नाहीत. त्यांच्या जागी क, च, ट, त, प येतात आणि त्यांच्यापुढचा स्वर आधी खाली दबतो, मग वर येतो. "घर" ऐकू येतं "कर" असं, पण विहिरीत डोकावून म्हटल्यासारखं. हीच अक्षरं शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी आली की उलटं होतं: त्यांचा श्वास जातो आणि आधीचा स्वर उंच चढतो. ह सुद्धा असाच विरघळतो. "चाह" म्हणजे चहा, त्यातला ह कुणी उच्चारत नाही, नुसता आ वर उडतो. तोच आ सपाट ठेवलात तर "चाअ" होतो, म्हणजे हौस, उत्साह.

भारतातल्या मोठ्या भाषांमध्ये असे अर्थ बदलणारे सूर असणारी भाषा म्हणून पंजाबीचंच नाव आधी घेतात. गंमत म्हणजे पंजाबी माणसाला विचारा, तो म्हणेल, छे, आमच्यात असलं काही नाही. त्याला ते ऐकूच येत नाही, आपल्याला दोन "च" मधला फरक (चमचा आणि चहा) कुणी परका विचारेपर्यंत जाणवत नाही तसं.

सरावाला तीन शब्द घ्या: घोड़ा, कोड़ा, कोढ़ा. म्हणजे घोडा, चाबूक आणि कुष्ठरोगी. पंजाबी तोंडून तिन्ही जवळजवळ "कोड़ा" असेच येतात. पहिल्यात सूर खाली, दुसऱ्यात सपाट, तिसऱ्यात वर. कुणाकडून तरी हे तीन शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या आणि क्रम बदलून ऐकत राहा. मला ओळखू यायला पंधरा दिवस लागले, बोलता यायला पाच महिने. तोवर बेबेच्या अंगणात माझे घोडे चाबूक होत राहिले. काही बिघडत नाही, संदर्भाने लोक समजून घेतात.

दुसरी पायरी: मराठी शब्दांचं पंजाबी करून बघा

ही सगळ्यात मजेची पायरी. मराठीत लांब स्वर आणि एकच व्यंजन असेल तर पंजाबीत स्वर आखूड करून व्यंजन दुप्पट करा. कान – कन्न. नाक – नक्क. हात – हत्थ. दूध – दुद्ध. सात – सत्त. आठ – अट्ठ. आज – अज्ज. काम – कम्म. आग – अग्ग. प्राकृतात ही जोडव्यंजनं होती, मराठीने आणि हिंदीने ती सोडली, पंजाबीने जपली. दर वेळी जमतंच असं नाही. रात पंजाबीतही रातच राहते. पण दहातले सात शब्द अंदाजाने बरोबर येतात. ते दुप्पट व्यंजन मात्र नीट थांबून म्हणा. घाईत म्हटलेलं "सत" कानाला परकं वाटतं.

आता हिंदीवाल्यांना न मिळणारे फायदे. पंजाबीत पाणी आहे, पानी नाही. कौण, जाणा, खाणा, सुणना. ण आपल्यासारखाच ठणठणीत. हिंदीत बीस, पंजाबीत वीह, आपलं वीस. इथे म्हणजे इत्थे. चांगला म्हणजे चंगा. आणि ळ! पंजाबीत ळ आहे हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं, कारण लिहिताना बहुतेक लोक साधा लच लिहितात. पण बोलताना काळा, नाळ (सोबत), फळ, वेळा (आपली वेळ) असं स्पष्ट ऐकू येतं. गोली म्हणजे दासी आणि गोळी म्हणजे बंदुकीची किंवा औषधाची गोळी, असा अर्थाचाही फरक पडतो. दिल्लीचा माझा सहकारी हा ळ काढता काढता घामाघूम व्हायचा. मी मात्र पहिल्या दिवशी सहज बोलून गेलो आणि बेबेने शेजारणीला हाक मारून मला पुन्हा म्हणायला लावलं.

व्याकरणातही आपली सोय आहे. हिंदीत "मैंने रोटी खाई". पंजाबीत "मैं रोटी खाधी", अगदी आपल्या "मी भाकरी खाल्ली" सारखं. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना ने लागत नाही. त्याला लागतो: "उस ने कम्म कीता", त्याने काम केलं. चा-ची-चे ऐवजी दा-दी-दे, ला ऐवजी नूं, आत साठी विच. "मैनूं भुक्ख लग्गी है" हे वाक्य समजावून सांगायची गरज आहे का? (म्हणताना मात्र "पुक्ख", सूर खाली.) नपुंसकलिंग नाही, एवढं लक्षात ठेवा. आपलं "ते पाणी" तिथे पुल्लिंगी होतं.

तिसरी पायरी: कुणाला काय म्हणायचं

इथे मराठी माणूस आपटतो. काकांची कथा सांगितलीच. ताई म्हणजे मोठी बहीण नव्हे, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तो थोरला भाऊ म्हणजे ताया. माळव्यात, म्हणजे सतलजच्या दक्षिणेला, पुरुषाला आपुलकीने "बाई" म्हणतात. बठिंड्याच्या बसमध्ये एका दाढीवाल्या धिप्पाड ड्रायव्हरला कंडक्टर "ओ बाई" अशी हाक मारतो आणि तो ओ देतो, हे दृश्य एकदा बघून ठेवावं.

"तुहाडा पिंड केहड़ा?" हा प्रश्न तुम्हाला पहिल्या तासाभरात येणार. दचकू नका, पिंड म्हणजे गाव. मूळ गाव विचारणं हा ओळखीचा पहिला धागा असतो, आपल्याकडे "गाव कुठलं?" विचारतात तसाच. चुक्क म्हणजे उचल. त्यात तुमची चूक काही नाही. मंजा म्हणजे खाट. गुटका म्हणजे गुरबाणीच्या नित्यपाठाची छोटी पोथी. तिला हात लावण्याआधी हात धुवा, डोकं झाका, आणि चुकूनही विनोद करू नका.

मोठ्यांना "तुसीं", बरोबरीच्यांना आणि लहानांना "तूं". आपल्या तुम्ही आणि तू सारखंच, "आपण"ची तिसरी पायरी नाही. अनोळखी पुरुषाला वीर जी किंवा भाजी, बाईला भैण जी, वयस्क स्त्रीला बीबी जी. वाक्याच्या शेवटी जी टाकायला कंजूषपणा करू नका.

एक अडचण सगळ्यांना येते: तुमचा चेहरा आणि अडखळणं बघून लोक लगेच हिंदीवर येतात. ते सौजन्यच असतं, पण तुमचं शिकणं तिथेच थांबतं. "पंजाबी विच दस्सो जी" हे वाक्य पाठ करा आणि हट्टाने वापरा.

चौथी पायरी: पैंती

आता लिपी. महिनाभर कान तयार झाल्यावरच हात घाला. गुरमुखीला पैंती म्हणतात कारण मूळ अक्षरं पस्तीस, पाच-पाचच्या सात ओळी. या लिपीला आजचं रूप दुसरे गुरू, गुरू अंगददेव (१५०४–१५५२) यांनी दिलं असं मानतात. पहिली ओळ वेगळी: ऊड़ा, ऐड़ा, ईड़ी ही स्वरांना बसायला तीन पाट, मग सस्सा आणि हाहा. त्यापुढे कक्का, खक्खा, गग्गा... क्रम आपल्या बाराखडीचाच. नंतर आलेले श, ज़, फ़ वगैरे खाली टिंब देऊन लिहितात. ळ सुद्धा तसाच, ल खाली टिंब.

बाजारात मुलांचं पहिलं पुस्तक मागायचं असेल तर "कायदा" मागा. हो, अंकलिपीला तिकडे कायदा म्हणतात. थोडक्या पैशांचं काम.

ग, ट, ठ जवळजवळ देवनागरीसारखेच दिसतात. काना आणि एकाची मात्रा ओळखू येतात. म्हणून मी गुरमुखीत वाचलेला पहिला अख्खा शब्द "ठेका" होता, देशी दारूच्या दुकानावरचा. अभिमानाने सांगण्यासारखं नाही, पण खरं आहे.

खरी फसगत दिसायला सारख्या अक्षरांची. गुरमुखीचा स हुबेहूब आपल्या म सारखा दिसतो. गुरमुखीचा ध आपल्या प सारखा. मी कितीतरी दिवस "सस्ता" हा शब्द भलताच काहीतरी वाचत होतो. यावर एक युक्ती आहे, ती मला कुठल्याही पुस्तकात सापडली नाही. गल्लीतल्या चौथीतल्या मुलीने सांगितली. तीन जोड्या लक्षात ठेवा: स–म, ध–प, थ–ख. प्रत्येक जोडीतली दोन्ही अक्षरं अंगाने सारखी. फरक फक्त डोक्यावरच्या रेघेचा. स, ध, थ यांचं डोकं झाकलेलं; म, प, ख यांचं उघडं, रेघ मध्येच तुटलेली. ती म्हणाली, "सिर ढकेया, सिर नंगा." त्यानंतर मी चुकलो नाही.

जोडाक्षरांचा जाच नाही. अक्षराखाली पाय म्हणून लागतात ते मुख्यतः ह, र आणि व. दुप्पट व्यंजनासाठी अद्धक नावाची छोटी चंद्रकोर आधीच्या अक्षरावर येते: ती दिसली की पुढचं अक्षर दाबून म्हणा. अनुस्वारासाठी दोन चिन्हं आहेत, टिप्पी आणि बिंदी. कोणती कुठे हे वाचता वाचता कळतं. रोज बसच्या पाट्या, दुकानांच्या पाट्या, मैलाचे दगड वाचा. पंजाबात सरकारी पाट्यांवर गुरमुखी सगळ्यात वर असते, फुकटची शाळा.

एक मोह टाळा. गुरू ग्रंथ साहिबमध्ये आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे, २०१५ साली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तिथे झालं. साहजिकच मराठी माणसाला वाटतं, तिथूनच वाचायला सुरुवात करू. करू नका. ती जुनी संतभाषा आहे, शब्दांच्या शेवटी येणाऱ्या ऱ्हस्व वेलांट्या-उकार व्याकरणासाठी असतात आणि बहुधा उच्चारत नाहीत. आजची पंजाबी त्यातून शिकायची म्हणजे ज्ञानेश्वरीवरून भाजी मंडईतला भाव करण्यासारखं. कीर्तन ऐका, जरूर ऐका. नांदेडला जाऊन ऐकलंत तरी चालेल. पण कायदा वेगळा, ग्रंथ वेगळा.

पाचवी पायरी: अंगणात जा

भाषा जिभेवर बसते ती लोकगीतांनी. पंजाबीत लोकगीतांचे प्रकार प्रसंगानुसार वाटलेले आहेत आणि ते मिसळून चालत नाही. लग्न मुलीच्या घरचं असेल तर सुहाग गातात, मुलाच्या घरी घोड़ियां. वरात आली की मुलीकडच्या बायका सिठणियां म्हणतात: वराकडच्यांची नावं घेऊन यथेच्छ टिंगल, कधी चांगलीच तिखट. जुन्या पंगतीतली आपली विहिणीची गाणी आठवा. ज्यांची नावं घेतात त्यांनी रागवायचं नाही हा नियम दोन्हीकडे एकच. कुणी गेलं तर अलाहणियां. हे प्रकार इतके मुळातले आहेत की गुरू नानकांनी अलाहणी आणि गुरू रामदासांनी घोड़ी हा साचा घेऊन वडहंस रागात रचना केल्या. आपल्या संतांनी ओवी आणि भारूड उचललं, तोच प्रकार.

नवख्याने हात घालावा असा प्रकार म्हणजे बोली. बोली म्हणजे भाषा तर आहेच, पण गिद्ध्यात, म्हणजे बायकांच्या नाचात, म्हणायची छोटी ओळही. बायकांचा गोल होतो, एक जण पुढे येऊन बोली टाकते, शेवटची ओळ बाकीच्या उचलतात, टाळ्यांचा वेग वाढतो, दोघी मध्ये येऊन नाचतात, मग पुढची. सगळ्यात ओळखीचा साचा असा: "बारीं बरसीं खट्टण गया सी, खट्ट के लियांदा..." बारा वर्षं कमवायला गेला होता, कमवून काय आणलं तर... पुढे कुठलीही वस्तू. परात, कुलूप, लिंबू, काहीही. बारा वर्षं राबून माणूस लिंबू का आणेल, असा प्रश्न विचारू नका. वस्तूचं काम पुढच्या ओळीला यमक पुरवणं एवढंच. खरी गोष्ट, म्हणजे सासूची तक्रार, नवऱ्याची खोडी, माहेरची ओढ, त्या पुढच्या ओळीत असते.

हे वाचून उखाणा आठवला ना? "भाजीत भाजी मेथीची" मध्ये मेथीला काय अर्थ असतो? टप्पे आणि माहिया या लोकगीतांतही पहिला तुकडा बहुधा असाच यमकापुरता येतो. हे एकदा कळलं की पंजाबी लोकगीतं ऐकताना "पण याचा त्याच्याशी संबंध काय" असं वाटायचं थांबतं. आणि तुम्ही स्वतः बोली रचू शकता. घराण्यातल्या लग्नात उखाण्यांचा सराव असलेल्या मराठी सुनांनी पंजाबी सासरी या एका गोष्टीवर बाजी मारलेली मी पाहिली आहे. माझी बोली मात्र यमक सोडून बाकी सगळ्यात चुकली होती. बेबे हसत हसत खाटेवरून पडायची राहिली.

हे कधी ऐकायला मिळतं? लग्नसराईत तर कुठेही. १३ जानेवारीला लोहड़ी: मुलं दारोदार फिरून दुल्ला भट्टीचं गाणं म्हणतात, प्रत्येक ओळीच्या शेवटी "हो" ओरडतात आणि शेंगदाणे, रेवड्या, गजक घेऊन जातात. हा दुल्ला अकबराच्या काळातला बंडखोर, गरीब मुलींची लग्नं लावून देणारा म्हणून गाण्यात राहिला. श्रावणात तीयां: झोके, माहेरवाशिणी, गिद्धा. आपल्या मंगळागौरीला भगिनी शोभावी अशी. मेळ्यांत ढाडी दिसतात, हातात ढड्ड नावाचं छोटं तालवाद्य आणि सोबत सारंगी, उभ्याने वीरांच्या वारा, म्हणजे पोवाडे, गाणारे. शाहिरी आवडणाऱ्याने चुकवू नये. भांगड्याबद्दल मी फार लिहीत नाही, तो सगळीकडे दिसतोच. एवढंच सांगतो की आज मंचावर दिसतो तो अनेक नाचांची मोट बांधून स्वातंत्र्यानंतर घडलेला आहे. झुम्मर, लुड्डी, सम्मी हे वेगवेगळे बघायला मिळाले तर थांबून बघा.

सहावी पायरी: पुस्तक

वर्षभराने पुस्तक हाती घ्या. सगळे सांगतील वारिस शाहची हीर वाच. १७६६ ची ती रचना पंजाबीचा मुकुट आहे यात वाद नाही, पण ती वाचून सुरू करायची नाही, ऐकून सुरू करायची. हीर गाण्याची एक ठरलेली चाल आहे, भैरवीच्या अंगाची, आणि म्हातारी माणसं अजूनही त्या चालीशिवाय ओळ म्हणू शकत नाहीत. कथा आधी मराठीत किंवा हिंदीत समजून घ्या: झंगची हीर, तख्त हजाऱ्याचा रांझा, चिनाबचा काठ. मग ऐका. बुल्ले शाह आणि शाह हुसैन या सूफी कवींच्या काफियांचंही, म्हणजे गायच्या पदांचंही, तसंच.

गद्यात नानक सिंह (१८९७–१९७१) यांच्या कादंबऱ्या सोप्या. वाक्यं सरळ, गोष्ट वेगाने पुढे जाते, शब्दकोश फार उघडावा लागत नाही. त्यानंतर अमृता प्रीतम. फाळणीनंतर वारिस शाहला साद घालणारी त्यांची कविता तोवर तुम्हाला मूळातून कळेल, आणि मग अनुवादात काय सांडतं तेही. शिवकुमार बटालवी कानाला गोड लागतो, पण त्याचे शब्द खेड्यातले, झाडापाल्याचे. सोपा समजू नका. 'लूणा' या काव्यनाट्यात त्याने पूरन भगताची जुनी कथा बदनाम सावत्र आईच्या बाजूने मांडली. त्यासाठी १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा तो तिशीतलाच होता.

गुरदयाल सिंह शेवटी ठेवा. १९६४ ची 'मढ़ी दा दीवा' ही कादंबरी माळव्याच्या बोलीत बोलते. लेखकाने स्वतः तरुणपणी सुतारकाम केलेलं, आणि ते लाकडाला हात लावल्यासारखं वाक्यावाक्यात जाणवतं. १९९९ चं ज्ञानपीठ त्यांना निर्मल वर्मांबरोबर विभागून मिळालं. पहिली वीस पानं मला एक रविवार पुरली नाहीत. अडलेले शब्द मी पेन्सिलीने अधोरेखित करून बेबेकडे घेऊन जायचो. तिला वाचता येत नव्हतं. मी शब्द मोठ्याने म्हणायचो, ती आधी माझा सूर दुरुस्त करायची, मग अर्थ सांगायची, आणि मग त्या शब्दावरून आठवलेली माहेरची एखादी गोष्ट. पान पुढे सरकायचं नाही.

सीमेपलीकडचं पंजाबी लिखाण शाहमुखीत, म्हणजे उर्दूच्या वळणाच्या लिपीत आहे. पंजाबी बोलणारे पाकिस्तानात भारतापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे हा भाग लहान नाही. उर्दू वाचता येत असेल तर आजच जा. नसेल तर पटियाल्याच्या पंजाबी विद्यापीठाने दोन्ही लिप्यांमध्ये मजकूर पालटून देणारी संगणकीय साधनं केली आहेत, तोवर त्यांवर काम भागवा.